गृहसंगणक व चुंबकीय फीत : राखीव प्रतींच्या इतिहासातील एक प्रकरण

विभागाच्या सामानकोठीची आवराआवर चालू असता गेल्या वर्षी एका खणात तळहातावर मावेल एवढी एक पेटिका सापडली. तिची खालची बाजू ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, वरची पारदर्शक प्लॅस्टिकची, आणि आत तपकिरी फितीची दोन चक्रे. वर चिकटविलेल्या कागदावर ‘बोली शब्दसंग्रह, राखीव प्रत, १९९५’ एवढाच मजकूर शाईने लिहिलेला होता. दक्षिण कोकणातील बोलींची जी पाहणी विभागातील एका निवृत्त प्राध्यापकांनी त्या काळी केली होती, तिची ही सामग्री असावी हे उघड होते. मूळ प्रत ज्या संगणकात होती तो केव्हाच मोडीत निघाला होता, आणि कागदावर छापून काढलेल्या प्रतीची चाळीसएक पाने तेवढी शिल्लक होती. म्हणजे राखीव म्हणून बाजूस ठेविलेली वस्तू आता एकमेव प्रत होऊन बसली होती.

ही फीत वाचविण्याच्या खटपटीत प्रस्तुत लेखकास तिच्या जातकुळीचा शोध घ्यावा लागला. संगणकाच्या इतिहासावरील लेखनात यंत्रांच्या वेगाला व आकाराला जितकी जागा मिळते, तितकी राखीव प्रतींना मिळत नाही. मोठ्या संगणनकेंद्रांतील फितींविषयी निदान काही लिहिले गेले आहे. घरगुती संगणकाला जोडल्या जाणाऱ्या फीतयंत्रांविषयी जवळजवळ काहीच नाही. तथापि भाषाशास्त्राच्या, लोकसाहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी १९८५ ते २००० ह्या काळात जी सामग्री व्यक्तिगत संगणकावर जमविली, तिचा काही अंश अशाच फितींवर पडून आहे. म्हणून ह्या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अस्थानी होणार नाही.

आरंभी दोन शब्दांविषयी. ‘बॅकअप’ ह्या इंग्रजी शब्दासाठी येथे ‘राखीव प्रत’ असा शब्द योजिला आहे. वर उल्लेखिलेल्या कागदावरही तोच आहे. ‘फीत’ हा शब्द मात्र आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या ‘फिता’पासून आलेला हा शब्द वेणीच्या, बुटाच्या व उद्घाटनाच्या फितीसाठी रुळला आणि मग चुंबकीय फितीलाही विनासायास लागू पडला. बोलण्यात अर्थात सगळे ‘टेप’च म्हणत.

चुंबकीय फितीचा शोध ध्वनीसाठी लागला, संगणकासाठी नव्हे. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर ह्याने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन ती ध्वनिमुद्रणास वापरण्याची कल्पना पेटंट केली, व १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. संगणकात फीत शिरली ती १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याने घेतलेल्या युनिव्हॅक यंत्राबरोबर. ती फीत धातूची होती. पुढल्याच वर्षी आयबीएमने आपल्या ७०१ ह्या संगणकासाठी ७२६ हे फीतयंत्र जाहीर केले. त्याची फीत प्लॅस्टिकची, अर्धा इंच रुंदीची, दर इंचास १०० अक्षरे धरणारी व दर सेकंदास ७५ इंच धावणारी होती. म्हणजे सेकंदाला साडेसात हजार अक्षरे वाचली जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्याच्याही सोबतीला अशीच फीतयंत्रे होती.

भाषाशास्त्राचा ह्या मोठ्या फितीशी संबंध लवकर आला. ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस व कुचेरा ह्यांनी १९६१ सालच्या अमेरिकन इंग्रजी मजकुरांतून दहा लाख शब्दांचा जो संग्रह १९६४ मध्ये सिद्ध केला, तो देशोदेशींच्या विद्यापीठांना फितीवरच पाठविला जाई. त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी मजकुरांतून दहा लाख शब्दांचा कोल्हापूर संग्रह तयार झाला व नॉर्वेतील बर्गन येथील केंद्रामार्फत वितरित झाला. ह्या संग्रहांचा उल्लेख पुढे एका हिशेबासाठी लागणार आहे.

घरगुती संगणकाची गोष्ट ह्याहून निराळी. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील हौशी मंडळी सुटे भाग जोडून संगणक बांधू लागली, तेव्हा त्यांच्यापाशी मोठे फीतयंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ध्वनिमुद्रणाची लहान कॅसेट एव्हाना घरोघर पोचली होती. संगणकातील शून्य व एक ह्या चिन्हांना ध्वनीचे रूप दिले, तर तोच टेपरेकॉर्डर संगणकाची वही होऊ शकेल, ही कल्पना अनेकांना सुचली; अडचण एवढीच की प्रत्येकाची पद्धत वेगळी. ‘बाइट’ मासिकाच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९७५ मध्ये कॅन्सस सिटी येथे बैठक भरली आणि एक सामाईक संकेत ठरला : शून्यासाठी १२०० हर्ट्झच्या स्वराची चार आवर्तने, एकासाठी २४०० हर्ट्झच्या स्वराची आठ. दोन्हींना लागणारा काळ सारखाच, आणि वेग सेकंदास ३०० चिन्हे. एका अक्षरामागे आरंभाचे एक, मजकुराची आठ व समाप्तीची दोन अशी अकरा चिन्हे जात, म्हणून प्रत्यक्षात सेकंदाला सत्तावीस अक्षरे.

आता वरचा हिशेब मांडता येतो. दहा लाख शब्द म्हणजे शब्दांमधील मोकळ्या जागा धरून ढोबळ मानाने साठ लाख अक्षरे. १९५२ सालच्या आयबीएमच्या फीतयंत्रावर ती वाचण्यास सुमारे तेरा मिनिटे पुरली असती. कॅन्सस सिटीच्या संकेताने घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यास एकसष्ट तासांहून अधिक वेळ लागला असता. म्हणजे वस्तू एकच, फीत. परंतु केंद्रातील फीत व घरातील फीत ह्यांमध्ये वेगाचे जवळजवळ पावणेतीनशे पटींचे अंतर होते, आणि घरची फीत तेवीस वर्षांनी नंतरची होती.

पुढे वेग थोडा वाढला. १९८१ च्या बीबीसी मायक्रोचा वेग १२००, १९८२ च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचा सरासरी १५०० च्या आसपास. कमोडोरने आपल्या यंत्रांसाठी डेटासेट नावाचा स्वतंत्र कॅसेटयंत्राचा प्रकार केला, आणि त्यात प्रत्येक मजकूर पाठोपाठ दोनदा लिहिण्याची योजना ठेविली. एक प्रत बिघडली तर दुसरीवरून दुरुस्ती. ह्यामुळे आधीच मंद असलेले काम आणखी मंद झाले. तरी फीत ही न बोलता दगा देणारी वस्तू आहे, ह्याची जाणीव त्या रचनाकारांना होती असे दिसते. भारतात ह्यांपैकी बीबीसी मायक्रो १९८४ साली शालेय संगणक-शिक्षणाच्या ‘क्लास’ योजनेतून आले, व स्पेक्ट्रमची परवान्याने बनविलेली आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणली.

त्या काळच्या वापरात ‘साठवण’ आणि ‘राखीव प्रत’ ह्या दोन कल्पना अजून वेगळ्या झालेल्या नव्हत्या. स्पेक्ट्रमची वीज बंद केली की स्मृतीतील सर्व काही पुसले जाई; कॅसेटवर लिहिले ते काही राखीव नव्हते, ते मूळच होते. काळजीवाहू माणूस तोच मजकूर दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा लिही, आणि मग ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा देऊन फीत उलटी गुंडाळून स्मृतीतील मजकुराशी ताडून पाही. आपल्याकडील पोथ्या उतरविणारे लेखक मूळ प्रतीशी नक्कल ताडून पाहत, आणि दप्तरांतील नकलेवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे, तो ह्याच क्रियेचा. घरगुती वापरात ही आज्ञा किती लोक देत असतील ह्याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. पाच मिनिटे मजकूर लिहून झाल्यावर आणखी पाच मिनिटे तोच कर्कश आवाज ऐकत बसणे हे संयमाचे काम होते.

ह्या दोन कल्पना वेगळ्या केल्या त्या हार्ड डिस्कने. आयबीएमच्या १९८१ च्या व्यक्तिगत संगणकास मागील बाजूस कॅसेटची जोडणी होती, पण फ्लॉपी असताना ती वापरणारे विरळा. मार्च १९८३ मध्ये त्याची एक्सटी ही आवृत्ती आली, तीत कॅसेटची जोडणी गेली आणि १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. आता मूळ मजकूर एका बंद पेटीत, नजरेआड, वर्षानुवर्षे राहू लागला. ती पेटी बिघडली की सर्वच गेले. तेव्हा प्रथमच सामान्य गृहस्थापुढे हा प्रश्न आला, की ह्या सबंध पेटीची दुसरी प्रत ठेवावयाची कशावर?

डॉस २.० मध्ये ‘बॅकअप’ व ‘रिस्टोअर’ ह्या आज्ञा दिलेल्या होत्या. त्यांचे साधन फ्लॉपी. १० मेगाबाइटना ३६० किलोबाइटच्या २९ फ्लॉपी लागत. हे एक वेळ सोसण्याजोगे होते. परंतु त्या दशकाच्या अखेरीस ४० मेगाबाइटची हार्ड डिस्क सर्वसाधारण झाली, आणि त्याच फ्लॉपींचा आकडा ११४ वर गेला. १.२ मेगाबाइटच्या मोठ्या धारणेच्या फ्लॉपी घेतल्या तरी ३५. यंत्रासमोर बसून एकामागून एक फ्लॉपी घालावयाची, प्रत्येकीवर क्रमांक लिहावयाचा, आणि त्यांतील बाविसावी नासकी निघाली म्हणजे पुढील सर्व श्रम संशयात. ज्याला हे एकदा करावे लागले, तो दुसऱ्यांदा ते पुढच्या रविवारवर ढकलीत असे.

ह्या अडचणीवर जो उपाय निघाला त्याचे मूळ १९७२ सालचे आहे. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीत रॉबर्ट फॉन बेरेन ह्याने पाव इंच रुंदीच्या फितीचे एक कार्ट्रिज तयार केले. त्याची युक्ती अशी. साध्या कॅसेटमध्ये यंत्राचा दांडा व रबरी चाक फितीलाच चिमटीत धरून ओढतात. येथे पेटिकेच्या आतच एक लवचीक पट्टा बसविलेला असून तो दोन्ही चक्रांवरील फितीच्या गुंडाळ्यांना बाहेरून घासत फिरतो. यंत्राचे रबरी चाक पेटिकेतील एका गिरकीला स्पर्श करते, गिरकी पट्ट्याला फिरविते आणि पट्टा फितीला. पट्ट्याचा ताणच फितीचा ताण सांभाळतो, त्यामुळे ती झटक्यात थांबविता व उलटविता येते. ॲल्युमिनियमचा जाड तळ सर्व भाग नेमक्या जागी धरून ठेवतो. एकाच मोटारीवर सर्व काम होत असल्याने यंत्र स्वस्त पडते.

ह्या पाव इंची फितीच्या उत्पादकांनी १९८२ साली आपसात मानके ठरविण्यासाठी एक समिती स्थापिली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही सर्व मानके ‘क्यूआयसी’ ह्या नावाने ओळखली जातात, व उच्चारात त्याचे ‘क्विक’ झाले. ह्या यंत्रांची मंदगती पाहता नाव थोडे विनोदीच वाटते. लहान आकाराच्या पेटिकेसाठी ह्या समितीने १९८६ च्या सुमारास क्यूआयसी-४० व काही काळाने क्यूआयसी-८० ही मानके दिली, आणि घरगुती संगणकाच्या फीतयंत्राचा खरा इतिहास तेथून सुरू होतो.

स्वस्ताईची गुरुकिल्ली अशी, की ह्या यंत्राला संगणकात स्वतंत्र नियंत्रक लागत नसे. जो नियंत्रक फ्लॉपीसाठी आधीच असे, त्याच्याच केबलला हे यंत्र जोडावयाचे. संगणकाच्या दृष्टीने ते दुसरे फ्लॉपीयंत्रच. परंतु फ्लॉपीच्या नियंत्रकाला ‘फीत पुढे चालव’, ‘टोकापर्यंत गुंडाळ’ असे सांगण्याची सोय कोठून असणार? त्याला मुख्यतः वाचणे, लिहिणे आणि वाचकशीर्ष एका कड्यावरून शेजारच्या कड्यावर सरकविणे एवढेच ठाऊक. समितीने ह्या तिसऱ्या क्रियेचा उपयोग केला. शीर्ष सरकविण्याचे जे विद्युत्ठोके तारेतून जातात, त्यांची संख्या मोजून फीतयंत्राने तिचा अर्थ लावावयाचा. अमुक ठोके म्हणजे अमुक आज्ञा. आणि यंत्राने उत्तर द्यावयाचे ते ‘शीर्ष शून्याव्या कड्यावर आहे किंवा नाही’ हे सांगणाऱ्या एकुलत्या तारेवरून, एकेक चिन्ह करून. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात विशेष रस वाटावा. एका भाषेची ध्वनिसामग्री जशीच्या तशी ठेवून तीत दुसरीच भाषा बोलली जात आहे, आणि मधला मध्यस्थ, म्हणजे नियंत्रक, आपण फ्लॉपीविषयीच बोलत आहोत अशा समजुतीत आहे.

क्यूआयसी-४० च्या फितीवर २० समांतर मार्ग असत, क्यूआयसी-८० वर २८. पहिला मार्ग एका दिशेने लिहीत टोकास जावयाचे, तेथे शीर्ष किंचित सरकवून दुसरा उलट दिशेने लिहीत परत यावयाचे. शेतात औत ओढणारे बैल तास संपला की वळतात त्याप्रमाणे. प्राचीन ग्रीक लेखांत एक ओळ डावीकडून व दुसरी उजवीकडून कोरण्याची रीत आढळते, तिला बैलाच्या वळण्यावरूनच नाव पडले आहे. तीच रीत येथे यंत्राने उचललेली दिसते. प्रत्येक मार्गाचे खंड पाडलेले असून एका खंडात एकेक किलोबाइटचे ३२ ठोकळे असत. त्यांपैकी २९ मजकुराचे व ३ दुरुस्तीचे. हे तीन ठोकळे गणिताने असे काढलेले असत की ३२ पैकी कोणतेही तीन वाचता आले नाहीत, तरी उरलेल्या एकोणतिसांवरून ते पुन्हा उभे करता यावेत. २०५ फूट फितीवर एका मार्गात ६८ खंड बसत. २० मार्ग, ६८ खंड व २९ किलोबाइट ह्यांचा गुणाकार केला म्हणजे ३९,४४० किलोबाइट येतात, आणि मानकाच्या नावातील ४० हा आकडा कोठून आला ते कळते. क्यूआयसी-८० मध्ये अशाच हिशेबाने ८० च्या थोडे वर, व साडेतीनशे नव्हे पण तीनशे सात फुटांच्या लांब फितीवर १२० मेगाबाइट मावत.

वेग अर्थातच फ्लॉपीच्या नियंत्रकाचा : फार तर सेकंदास ५ लाख चिन्हे. त्या वेगाने क्यूआयसी-४० ची फीत सेकंदाला ५० इंच धावे व सबंध पेटिका भरण्यास सुमारे सतरा मिनिटे लागत. जुना, मंद नियंत्रक असला तर दुप्पट. हे झाले कागदावरचे गणित. संगणकाकडून मजकूर अखंड आला नाही, तर धावती फीत जागच्या जागी थांबू शकत नाही. ती पुढे जाऊन थांबते, मागे येते, पुन्हा धाव घेऊन सुटलेली जागा गाठते. बूट पुसणाऱ्याच्या हातातील फडक्यासारखी ही ये-जा होई, आणि इंग्रजीत तिला नावही तसेच पडले. त्यात वेळ जाई आणि फीत झिजे. शिवाय कोरी पेटिका वापरण्यापूर्वी तिच्यावर खंडांच्या खुणा आखून घ्याव्या लागत. ह्या कामास तासाहून अधिक वेळ लागे, म्हणून आधीच आखलेल्या पेटिका थोड्या महाग का होईना विकत मिळत.

१९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत ही यंत्रे चांगलीच पसरली. कोलोरॅडो राज्यातील लव्हलँड येथील कोलोरॅडो मेमरी सिस्टिम्स ही कंपनी त्यांत अग्रेसर होती. १९९२ साली ती ह्यूलेट-पॅकार्डने घेतली. तिच्या ‘जंबो २५०’ ह्या यंत्राच्या नावातील आकडा मात्र सावधपणे वाचावयास हवा. फितीची खरी धारणा १२० मेगाबाइट. लिहिण्यापूर्वी मजकूर दाबून निम्म्या जागेत बसेल असे गृहीत धरून २५० म्हटलेले. साधा मजकूर तेवढा दबतोही, चित्रे दबत नाहीत. ही आकडे सांगण्याची रीत पुढे सर्वच फितींच्या बाबतीत रूढ झाली.

वापराच्या पद्धतीविषयी संगणनकेंद्रांकडून घरांकडे एक शिकवण आली होती. दररोजची फीत, आठवड्याची फीत व महिन्याची फीत असे तीन संच फिरते ठेवावयाचे. इंग्रजीत ह्यांना अनुक्रमे मुलगा, बाप व आजोबा म्हणतात. नातेसंबंधांच्या शब्दांचा हा वापर उलटा आहे, कारण येथे मुलगा सर्वांत आधी पुसला जातो व आजोबा सर्वांत शेवटी. घरी एवढा परिवार सहसा नसे. एकच पेटिका असे व तिच्यावरच पुनःपुन्हा लिहिले जाई. ह्यातील धोका असा, की नवी प्रत लिहिण्यास आरंभ होताच जुनी नष्ट होते, आणि त्या अर्ध्या तासात काही घडले तर हातात काहीच राहत नाही. दुसरी पेटिका घेतली असती तर हा धोका टळला असता, पण राखीव प्रतीवरील खर्च हा नेहमीच अनाठायी वाटणारा खर्च असतो.

ह्या यंत्रांचा अस्त लवकर झाला व त्याची कारणे शोधण्यास फार दूर जावयास नको. हार्ड डिस्क ज्या वेगाने मोठ्या व स्वस्त झाल्या त्या वेगाने स्वस्त फीत वाढू शकली नाही. १९९५ मध्ये थ्रीएमने ट्रॅव्हॅन ही सुधारलेली पेटिका आणली, पण त्याच वर्षी १०० मेगाबाइटच्या झिप डिस्क बाजारात आल्या, मागोमाग घरी लिहिता येणाऱ्या सीडी आल्या, आणि शेवटी दुसरी हार्ड डिस्कच राखीव प्रतीसाठी परवडू लागली. फीत घरातून गेली. मोठ्या केंद्रांतून मात्र ती गेली नाही. २००० साली सुरू झालेल्या एलटीओ मालिकेची पहिली फीत १०० गिगाबाइटची होती, २०२१ सालची नववी १८ टेराबाइटची. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या काही ग्राहकांची टपाले एका बिघाडाने पुसली गेली, तेव्हा ती फितींवरूनच परत आणावी लागली. आणि १९७९ च्या युनिक्समध्ये ‘टेप आर्काइव्ह’ ह्या दोन शब्दांचा संक्षेप होऊन आलेली ‘टार’ ही आज्ञा, ज्यांनी आयुष्यात फीत पाहिलेली नाही असे विद्यार्थीही नित्य वापरतात.

आता पुन्हा आरंभीच्या पेटिकेकडे. ती क्यूआयसी-८० जातीची निघाली. तसे जुने यंत्र व त्यास साजेसा संगणक मिळविण्यात तीन महिने गेले. यंत्र उघडून पाहिले तो मोटारीवरील रबरी चाक काळ्या गुळासारखे चिकट झालेले. ह्या जातीच्या यंत्रांत ते बहुधा होतेच, आणि आधी न पाहता पेटिका आत घातली असती तर ते रबर गिरकीला फासले गेले असते. चाक खरवडून त्यावर तेवढ्याच व्यासाची रबरी नळी चढविली. पेटिकेतील लवचीक पट्टाही सैल पडला होता व एका जागी फितीला चिकटला होता. तो दुसऱ्या, कामास न येणाऱ्या पेटिकेतून काढून बदलला. येथे आणखी एक भय असते. ह्या पेटिकांत फितीची टोके चक्रांना बांधलेली नसतात, नुसती गुंडाळलेली असतात. टोक जवळ आले हे यंत्राला फितीतील लहान छिद्रांतून जाणाऱ्या प्रकाशावरून कळते. प्रकाशाच्या वाटेत धूळ असली तर छिद्र दिसत नाही व सबंध फीत चक्रावरून सुटून बाहेर येते. म्हणून प्रथम ती वाट पुसून घेतली.

जुन्या लिनक्स प्रणालीत ह्या यंत्रांसाठी ‘एफटेप’ नावाचा चालक होता, २.६ मालिकेच्या काळात तो वगळण्यात आला. त्यापूर्वीची एक आवृत्ती बसवून खंडामागून खंड कच्चा मजकूर उचलला. पट्टा जेथे चिकटला होता तेथील काही खंडांत तीनहून अधिक ठोकळे गेले होते, तेथे दुरुस्तीचे गणित चालले नाही. बाकी सर्व मिळाले. ज्या कार्यक्रमाने ही प्रत केली होती, त्याची दाबण्याची पद्धत त्याच्याच जुन्या आवृत्तीने उलगडली. ह्या सर्व खटपटीनंतर पडद्यावर शब्दसंग्रहाच्या बारा फायली आल्या, आणि त्यांतील एकही ओळ वाचता येईना.

कारण साधे होते. १९९५ साली युनिकोड व्यवहारात आलेला नव्हता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ पासून होते, परंतु पुष्कळसे लेखन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या अक्षरसंचांत होई, व त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. अक्षरसंच नाही तर मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा निरर्थक ढीग. तो अक्षरसंच फितीवर नव्हता. राखीव प्रत मजकुराची घेतली होती, लिपीची नव्हे.

येथे छापील चाळीस पाने उपयोगी पडली. छापील शब्द व फायलीतील चिन्हे समोरासमोर ठेवून, द्विभाषी शिलालेख वाचावा तशा रीतीने, बहुतेक चिन्हांचा उलगडा झाला. प्राध्यापकांनी प्रमाण देवनागरीत नसलेले भेद दाखविण्यासाठी त्या अक्षरसंचात स्वतःची चार चिन्हे घालून घेतली होती, हे तेव्हा ध्यानात आले. त्यांपैकी दोन ‘च’ची होती. एक ‘चार’मधल्या तालव्य उच्चाराचे, दुसरे ‘चाक’मधल्या दंत्य उच्चाराचे, हे परिचित शब्दांवरून ठरविता आले. उरलेली दोन स्वरांवरील चिन्हे आहेत. ती छापील पानांत कोठेही येत नाहीत, व ज्या शब्दांत येतात ते शब्द प्रमाण मराठीत नाहीत. त्यांतील एक बहुधा स्वराचे अनुनासिकत्व दाखवीत असावे. पण मग अनुस्वाराचे नेहमीचे चिन्हही काही शब्दांत त्याच्याच शेजारी का येते, ह्याचा उलगडा होत नाही. दुसरे दीर्घत्वाचे आहे की आघाताचे, हे सांगता येत नाही. प्राध्यापक हयात नाहीत, त्यांच्या वह्यांत चिन्हांची किल्ली सापडली नाही.

संग्रहाची जी प्रत विभागात आता ठेविली आहे, तीत ही दोन चिन्हे १ व २ ह्या आकड्यांनी दाखविली असून, वाचता न आलेल्या खंडांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. कच्चा मजकूर, उलगड्याचे कोष्टक आणि दाब सोडविणारा कार्यक्रम ही तीनही प्रतीसोबत आहेत. आकडे असलेल्या शब्दांची यादी घेऊन दोन विद्यार्थिनी येत्या सुटीत, ज्या गावांची नावे फायलींच्या शीर्षकांत आहेत त्या गावी जाणार आहेत. १९९५ साली ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांची वये तेथे नोंदलेली आहेत. बहुतेकांपुढे साठ ते सत्तर ह्यांमधले आकडे आहेत.